मोशीतले नऊ महिने आणि तिसऱ्या दिवसाची कुदळ

कृष्णाकाठ

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी टांझानियात नऊ महिने शाळेत होते असं ओघात लिहून गेले. त्यावर बऱ्याच जणांनी विचारपूस केली, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

मी ३१ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर, जानेवारी २०२३ मध्ये मोशीला गेले आणि ऑक्टोबरात परतले. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीतच सुरू होतं, त्यामुळं फॉर्म वनची मुलं आणि मी एकाच आठवड्यात नवे होतो. फॉर्म वन म्हणजे सातवीनंतरचं पहिलं वर्ष.

मोशी किलिमांजारोच्या पायथ्याशी आहे, आठशे-नऊशे मीटर उंचीवर. ५,८९५ मीटरचा डोंगर गावाच्या उशाशी असूनही दिवसभर ढगात असतो. सकाळी उजाडताना आणि पुन्हा मावळतीला ढग सरकले की किबो शिखराचं पांढरं डोकं उघडं पडतं. माझ्या खोलीमागच्या अंगणात धुणं धुवायची फरशी होती, तिथून ते नीट दिसायचं. पहिले काही दिवस मी पिळे हातात तसेच धरून बघत राहायचे. घरमालकीण मामा (तिथं आईला आणि आईच्या वयाच्या बाईला मामाच म्हणतात) एकदा म्हणाली, बघून घे, आठ वाजता तो आत जाईल.

तिनं "आठ" म्हटलंच नव्हतं खरं तर, ती "दोन" म्हणाली होती. स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा. मोशी विषुववृत्तापासून तीन-साडेतीन अंशांवर आहे, वर्षभर सूर्य सहा-साडेसहाच्या आसपासच उगवतो, मग तिथून मोजणं किती सरळ आहे! आपल्याकडेही घटिका सूर्योदयापासूनच मोजत. बसच्या तिकिटावरची वेळ कोणत्या हिशेबानं लिहिली आहे, हे मात्र दर वेळी विचारून घ्यावं.

आता धाग्याच्या नावातल्या कुदळीबद्दल. शाळेतल्या माझ्या तिसऱ्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत गणिताचे मुख्य शिक्षक मला म्हणाले, "म्गेनी सिकु म्बिली, सिकु या तातु म्पे जेम्बे." पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. जुनी स्वाहिली म्हण आहे. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६२ मध्ये समाजवादावर लिहिताना ती वापरली होती. न्येरेरे मूळचे शिक्षक, आजही लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी म्हणतात.

मी जाताना दोन बॅगा भरून साहित्य नेलं होतं. अपूर्णांकाच्या चकत्या, कागदाच्या घड्यांचे नमुने, पाढ्यांची कार्डं. महिनाभर खपून केलेलं सगळं. सरांनी एकेक वस्तू हातात घेऊन, नीट पाहून कपाटात ठेवली. मग फॉर्म वनचा एक पेपर माझ्यापुढं टाकला. त्यात प्रश्न होता की एका व्यापाऱ्यानं तीन पंचमांश संत्री विकली, आता त्याच्याकडे २४ उरली, तर मुळात किती होती. वर्गातल्या सत्तर मुलांपैकी बहुतेकांनी जागा कोरी सोडली होती. सरांनी एका मुलाला बोलावून तोच प्रश्न स्वाहिलीत विचारला. त्यानं वर बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाला, साठ.

त्याला अपूर्णांक येत होता. 'रिमेनिंग' हा शब्द येत नव्हता.

टांझानियात सरकारी प्राथमिक शाळेची सात वर्षं स्वाहिलीतून होतात आणि फॉर्म वनपासून सगळे विषय एकदम इंग्रजीतून. सुरुवातीला काही आठवडे इंग्रजीची उजळणी असते, पण सात वर्षांची सवय काही आठवड्यांत कशी बदलेल? त्यात २०१६ पासून सरकारी शाळेत फॉर्म फोरपर्यंत फी माफ झाली. फार चांगलं झालं, गरिबाची पोरं वर्गात आली, पण वर्ग तुडुंब भरले आणि एकेका मुलाकडे बघायला शिक्षकाला वेळ उरला नाही. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं हुशार पोर अकरावी सायन्सला जातं आणि सहा महिने गप्प होतं. माझे कितीतरी विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत घरी येऊन "बाई, काही कळत नाही" म्हणून रडलेले आहेत. ते दु:ख मला तिथं पुन्हा भेटलं, आणि या वेळी मी त्याच्या ऐन जागेवर होते.

तर माझी कुदळ ठरली. वर्ग शिकवायचा नाही, वर्ग सरांचाच. मी मागच्या बाकावर बसायचं, मुलं कोणत्या शब्दाला अडतात ते टिपायचं. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बसून त्या शब्दाला स्वाहिली शब्द, एक सोपं वाक्य आणि एक लहान उदाहरण लिहायचो. दिवसाला तीन-चार शब्द, जास्त नाही. 'अ‍ॅट मोस्ट', 'हेन्स', 'रिस्पेक्टिव्हली', 'शेअर इन द रेशो'. ऑक्टोबरापर्यंत सव्वातीनशे शब्द झाले.

या कामात मला स्वाहिलीचा जो लळा लागला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. त्रिकोणाला 'पेम्बेतातू' म्हणतात. पेम्बे म्हणजे कोपरा आणि तातू म्हणजे तीन. मूळ संख्येला 'नाम्बा तासा', तासा म्हणजे जिला मूल नाही ती. गणिताला 'हिसाबाती', पैशाला 'पेसा', दुकानाला 'दुका', वाहनाला 'गारी', विम्याला 'बिमा', साबणाला 'साबुनी', सरकारला 'सेरिकाली', तयारला 'तायारी'. काही शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेले, काही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. एक लाखाला 'लाकी' म्हणतात हे कळलं त्या दिवशी मी फळ्यावर 'लाकी मोजा' लिहून खाली मराठीत 'एक लाख' लिहिलं, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

रोजचा दिवस साधाच होता. पहाटे साडेपाचला उठायचं. लुकु संपला नसेल तर चहा विजेच्या शेगडीवर, नाहीतर कोळशाच्या जिकोवर. (लुकु म्हणजे विजेचं प्रीपेड मीटर. फोनवरून पैसे भरले की वीस आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा.) मग माजेंगोहून दालादाला, म्हणजे वडापची गाडी. कोंडा, म्हणजे कंडक्टर, दारात लोंबकळत उभा, चार जणांच्या बाकावर पाच जण. उतरायचं असलं की 'शुशा!' म्हणून ओरडायचं. मला पंधरा दिवस ओरडायला जमलं नाही, शेजारची माणसं माझ्यासाठी ओरडायची.

आणि नमस्कार! मुलं मोठ्यांना 'शिकामो' म्हणतात. मी तुमचे पाय धरतो, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. आपण वाकून करतो ते तिथं शब्दांनी होतं. उत्तर 'मराहाबा'. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत मी साठ-सत्तर वेळा मराहाबा म्हणायची, आणि पलीकडच्या वृद्ध शिपाईमामांना माझं शिकामो. त्यानंतर घरचे कसे आहेत, झोप कशी झाली, काम कसं चाललंय. एवढं झाल्याशिवाय कामाचं बोलणं काढणं उद्धटपणाचं. मला वाटतं, तिथं जाणाऱ्यानं दोन महिने आधी स्वाहिली सुरू करावं. बाकी तयारी नाही झाली तरी चालेल.

खाणं, घर, परवाना यांबद्दल प्रतिसादांत लिहीन.

रानजाई

ताई, एका बैठकीत वाचलं. संत्र्यांचं उदाहरण वाचून मला माझी अकरावी आठवली. शाकाहारी माणसाचं तिथं जेवणाचं काय होतं? आणि एकट्या बाईला राहायला कसं वाटतं?

दारकर

मी चौदा वर्षं दार-ए-सलामला आहे. मोशीबद्दल वाचून फार बरं वाटलं, आमच्या कंपनीतले निम्मे हिशेबनीस चागा, म्हणजे किलिमांजारोच्या उतारावरचे मूळ लोक आहेत.

ताईंनी डिसेंबर पाहिला नाही, म्हणून मी सांगतो. नाताळच्या आधी दहा दिवस दारमधले सगळे चागा गावाकडे निघतात. साडेपाचशे किलोमीटर रस्ता, बसचे भाव चढलेले, गाड्यांच्या टपावर गाद्या आणि सायकली. दार ओस पडतं. मी मूळचा चिपळूणचा. गणपतीला मुंबईहून निघणारा चाकरमानी आणि हा चागा यांत मला काही फरक दिसत नाही. नोकरी कितीही मोठी असो, डिसेंबरात डोंगरावरच्या आपल्या केळीत पाय टेकले पाहिजेत.

एक गोष्ट जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. आपण तिथं 'म्हिंदी' असतो, आणि म्हिंदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काउंटरमागं बसलेला दुकानदार येतो. त्याला इतिहास आहे. जर्मन राजवटीत इथलं चलनसुद्धा रुपी होतं. पिढ्यान् पिढ्या व्यापार गुजराती, इस्माइली, बोहरा कुटुंबांकडे राहिला. १९७१ साली सरकारनं भाड्यानं दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या, त्यात सर्वाधिक झळ याच लोकांना बसली आणि पुष्कळ जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांच्यात आणि स्थानिकांत देवघेव रोजची, पण एका ताटात जेवणं कमी. म्हणून एखादी म्हिंदी बाई दालादालात बसते, मागच्या बाकावर बसून शब्द टिपते, याला तिथं मोल आहे.

कुळागर

फोंड्याचा आहे. डोंगरउतारावर केळी, तिच्या सावलीत कॉफी, खाली कंद, वर मोठी झाडं, अशी चागांची घरची बाग असते असं वाचलं होतं. आमच्या कुळागरात माड-पोफळी, केळी, मिरवेल, जायफळ एकावर एक असतात आणि पाटाचं पाणी फिरवलं जातं. तिथं पाण्याची काय सोय आहे, पाहिलंत का?

कृष्णाकाठ

@रानजाई, जेवणाची मला अडचण आली नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, सोबत 'महारागे', म्हणजे राजम्यासारखी उसळ, आणि 'म्चिचा'. म्चिचा म्हणजे आपला माठच! कांदा-टोमॅटोवर परतलेला, कधी शेंगदाण्याचं कूट घालून. शाळेत दुपारी माकांदे मिळायचं, मका आणि घेवडा एकत्र शिजवून. सकाळी उजी, नाचणीची केली तर आपली पेजच. कोशिंबिरीला काचुंबारी. बाजारात चोरोको म्हणजे मूग, कुंदे म्हणजे चवळी आणि म्बाझी म्हणजे तूर, सगळं मिळतं. तुरीचं वरण केलं त्या दिवशी मामानं दोनदा मागून घेतलं. म्बाझी ते नारळाच्या दुधात खातात, तेही मी शिकून आले.

एकटीला भीती वाटली नाही, पण मी अंधार पडल्यावर पायी फिरले नाही. मामाची तशी ताकीदच होती. ओळखीचा एक बोडाबोडावाला (भाड्याच्या मोटारसायकलवाला) ठरवला होता, उशीर झाला तर तो यायचा. कोणाच्याही दारात 'होदी' म्हणून थांबायचं, आतून 'कारिबू' आलं की पाऊल टाकायचं. मार्च ते मे मोठा पाऊस, मासिका. त्या दिवसांत मातीचा रस्ता चिकट होतो, बोडाबोडा घसरतात, तेव्हा मी चालतच जायची. कपडे वाळायला दोन दिवस. एकदा मलेरिया झाला. बोटातल्या रक्ताची तपासणी, मग 'म्सेतो', म्हणजे मिश्र औषधाच्या गोळ्या, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ. त्या तीन दिवसांत आख्खी आळी 'पोले' म्हणायला येऊन गेली. पोलेला मराठीत नेमका शब्द नाही. तुमच्या त्रासात मी सोबत आहे, एवढं सगळं त्यात येतं. ठेच लागली तरी पोले, प्रवासाहून आलात तरी पोले, काम करताना दिसलात तरी पोले.

@कुळागर, पाहिलं, आणि तुमची आठवण यावी असंच होतं. सरांचं घर उरूच्या चढावर आहे, तिथं दोन रविवार राहिले. घरच्या बागेला 'किहाम्बा' म्हणतात. केळीचेच कितीतरी प्रकार. भाजायच्या वेगळ्या, म्तोरी नावाच्या दाट कढणाच्या वेगळ्या, म्बेगे या दारूच्या वेगळ्या. त्या दारूत नाचणीचे मोड घालतात. डोंगरातल्या ओहोळाचं पाणी हातानं खणलेल्या पाटांतून शेकडो वर्षं खाली आणलेलं आहे. कोणाच्या बागेत कधी पाणी वळवायचं ते पाटावरची वडीलधारी माणसं ठरवतात आणि पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं. सरांच्या आजोबांची कबरही त्याच बागेत, केळीच्या सावलीत. वारलेल्यांना घरच्याच जमिनीत ठेवतात. आता कळलं, @दारकर, डिसेंबरात ते कोणाकडे जातात ते.

बागेच्या हद्दीला 'मासाले' नावाचं लांब पानाचं झाड लावतात. भांडण झालं आणि कोणी त्याचं पान घेऊन दारात आला, तर माफी नाकारायची नाही अशी रीत.

आणखी एक, सहकाराच्या जिल्ह्यातली असल्यानं लिहिते. किलिमांजारोच्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांनी १९२५ साली आपली संघटना उभारली आणि १९३३ साली सहकारी संघ. आपल्या प्रवरेच्या कारखान्याच्या कितीतरी आधी! मोशीत त्या संघाची इमारत अजून उभी आहे. सरांना प्रवरानगरचं सांगितलं तेव्हा ते वहीत लिहून घेत होते.

सरळरेघ

ताई, राग मानू नका. तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण विमानाचं तिकीट, राहणं, परवाना यांत दोन-अडीच लाख सहज गेले असतील. तेवढ्यात तिथल्या एखाद्या बेरोजगार शिक्षकाला वर्षभर मानधन मिळालं असतं. आणि मेळघाटात, नंदुरबारमध्ये कोरकू, पावरी बोलणारी मुलं पहिलीतच मराठीला अडतात. तिथं हेच काम का नको?

कृष्णाकाठ

राग कशाचा, हा प्रश्न मी स्वत:ला जायच्या आधी आणि आल्यावरही विचारला.

पैशाचा हिशेब तुमचा बरोबर आहे. तिथं शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन नेमणुकीची वाट बघणारी तरुण मुलं खूप आहेत. मी वर्ग घेतला असता तर त्यांच्यातल्या एकाची जागा अडवली असती. म्हणून सरांनी वर्ग दिला नाही ते योग्यच होतं. कुदळ कोणती द्यायची हे यजमानानं ठरवायचं, असं त्या म्हणीत आहे. मी आधी ते वाचलं नव्हतं, जाऊन शिकले. जिथं यजमानाला ठरवायला वावच नाही तिथं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेळघाटाचं म्हणाल तर तेही खरं. मी मोशीला गेले याचं कारण साधं आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीतून त्या शाळेचं बोलावणं आलं. परभाषेत वर्गात बसून काहीच न कळणं म्हणजे काय, हे वयाच्या ५९ व्या वर्षी मी अंगावर घेतलं. ३१ वर्षं मराठी माध्यमात शिकवून मला ते माहीत नव्हतं. आता धारणीच्या एका शिक्षिकेशी माझा पत्रव्यवहार सुरू आहे, त्यांनी कोरकू-मराठी शब्दांच्या वह्या आधीच केलेल्या आहेत. मी त्यांच्याकडून शिकते आहे.

बिनपावसाचा_ढग

मी फिजिओथेरपिस्ट. म्वांझाला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, एका रुग्णालयात तीन महिने होतो. ताईंशी बराचसा सहमत, पण एक भर घालतो. काही कामं पाहुण्यालाच जमतात. आमच्याकडे भाजलेल्या मुलांचे हात आखडू नयेत म्हणून द्यायच्या आधारपट्ट्या बनवायला कोणी नव्हतं. मी दोन सहकाऱ्यांना तिथल्याच पीव्हीसी पाइपातून त्या करायला शिकवलं. महिन्याभरात त्यांच्या माझ्यापेक्षा चांगल्या होऊ लागल्या, मग मी फक्त पेशंट पाहिले. 'उनाउम्वा वापी?', कुठं दुखतं, एवढं वाक्य मुंबईतच पाठ करून गेलो होतो. उत्तर समजायला मात्र सहा आठवडे लागले, आणि त्या सहा आठवड्यांत एका आजीचं दुखणं मी चुकीचं समजलो. म्हणून तीन महिने हा काळ कमीच.

बाकी मी मालवणचा, शाकाहाराचा प्रश्न नव्हता. दागा नावाची सरोवरातली बारीक मासळी वाळवलेली मिळते. टोमॅटो-मिरचीत परतली की आईच्या हातच्या जवळ्याची आठवण यायची.

झुंजूमुंजू

मी २३ वर्षांची आहे, एमएसडब्ल्यू करते. मला एका एजन्सीची जाहिरात आली आहे, पूर्व आफ्रिकेतल्या अनाथाश्रमात चार आठवडे मुलांसोबत. शुल्क दीड लाखाच्या वर, अनुभवाची अट नाही, "पर्यटक व्हिसा पुरेल" असं सांगतात. घरचे तयार आहेत. जाऊ का?

कृष्णाकाठ

बाळ, जाऊ नकोस. मी एरवी असं तोंडावर सांगत नाही.

पहिलं म्हणजे टांझानियात पर्यटक व्हिसावर बिनपगारीही काम करता येत नाही. स्वयंसेवकाला क्लास सी निवासी परवाना लागतो, तो बोलावणाऱ्या संस्थेनं काढायचा असतो. जी एजन्सी याबद्दल खोटं सांगते तिच्या बाकी शब्दांवर काय विश्वास ठेवायचा?

दुसरं त्याहून मोठं. चार आठवड्यांनी तू परत येशील आणि त्या मुलांना पुढची ताई येईल, मग तिसरी. लहान मूल दर महिन्याला नव्या माणसाला जीव लावतं आणि ते माणूस जातं. आणि अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांना आईबाप, आजी, मावशी असतात. पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून मुलं घरातून आणून ठेवली जातात, असंही घडलेलं आहे. केनियानं २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, त्यामागं हीच काळजी होती. तू समाजकार्य शिकतेस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

बिनपावसाचा_ढग

+१. शिक्षण पूर्ण कर, दोन वर्षं इथं काम कर, मग तिथल्या एखाद्या संस्थेला स्वत: पत्र लिही आणि त्यांना काय हवंय ते विचार. जायचं ठरलंच कधी तर पिवळ्या तापाची लस लवकर घे. अदिस अबाबा किंवा नैरोबीत विमान बदलताना बराच वेळ थांबायचं असेल तर प्रमाणपत्र विचारू शकतात, आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. आणि सामानात प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, जून २०१९ पासून तिथं बंदी आहे आणि ती खरोखर पाळली जाते.

झुंजूमुंजू

धन्यवाद ताई, दादा. आई-बाबांना हा धागा वाचायला दिला. नाही कळवते एजन्सीला.

रानजाई

एक अवघड प्रश्न विचारू का? तिथं शाळेत छडी असते असं ऐकलं. तुम्ही काय केलंत?

कृष्णाकाठ

असते. 'विबोको' म्हणतात. तिथल्या नियमांत मुख्याध्यापकांच्या अखत्यारीत तिला जागा आहे, आपल्याकडे २००९ च्या कायद्यानं बंद झाली. उशिरा आलेल्या मुलांना मी रांगेत उभं पाहिलं आणि पहिल्या वेळी मला तिथून निघून जावं लागलं.

मुलांसमोर मी कोणाला अडवलं नाही. ते बरोबर होतं की चूक, यावर मी अजून विचार करते. सरांना संध्याकाळी सांगितलं की मी असलेल्या वर्गात हे झालेलं मला सोसणार नाही, आणि माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही पट्टी उगारलेली आहे, त्याची मला लाज वाटते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, सत्तर मुलं आणि एक मी, दुसरं काय करू ते दाखवा. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही उशिरा येणाऱ्यांची यादी काढली, तर त्यातली बरीचशी पासुआच्या पलीकडून पायी येणारी, सकाळी पाणी भरून निघणारी निघाली. त्यांचा पहिला तास सरांनी आपल्या अधिकारात बदलून दिला. गणिताच्या तासाला छडी थांबली. शाळेची थांबली नाही.

दारकर

ताई, ती सव्वातीनशे शब्दांची यादी आता वापरात आहे का? आमच्या ऑफिसातल्या एकाची मुलगी जानेवारीत फॉर्म वनला गेली, तिच्यासाठी विचारतोय.

कृष्णाकाठ

आहे. माझ्याजवळची प्रत जुनी झाली. सरांनी गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या वहीच्या पानांचे फोटो पाठवले. शब्द चारशेच्या वर गेले आहेत. फॉर्म टूच्या मुलांनी स्वत:च्या अक्षरात भर घातली आहे, आणि स्वाहिलीच्या काही ओळी मला शब्दकोश घेऊन बसल्याशिवाय लागल्या नाहीत. माझी काही वाक्यं खोडून सोपी केलेली दिसली.

'रिमेनिंग'पुढचं उदाहरणही बदललंय. संत्री काढून तिथं केळ्यांचा घड आणला आहे, मामा बाजारात तीन पंचमांश विकते आणि २४ घरी परत आणते. खाली एका मुलीनं वेगळ्या शाईनं लिहिलंय, का परत आणली, संध्याकाळी स्वस्त द्यायची होती.

सरांना विचारून पूर्ण प्रत तुम्हाला पाठवते. वही त्यांची आहे, त्यांचा होकार आधी येऊ दे.